मॅडम कामांची सही

आपल्यातले बरेच जण आज परदेशात आहेत, म्हणून भिकाजी कामांविषयी लिहिते. शाळेत आपण त्यांना एका तारखेपुरतं पाठ केलं: २२ ऑगस्ट १९०७, जर्मनीतलं श्टुटगार्ट, झेंडा.

जन्म १८६१चा, मुंबईच्या सधन पारशी घरातला. १८९६च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांनाच प्लेग झाला. वाचल्या, पण तब्येत ढासळली. १९०२ मध्ये उपचारांसाठी लंडनला गेल्या. परत यायचं तर राष्ट्रीय चळवळीत भाग घेणार नाही असं लिहून द्या, अशी अट पडली. त्यांनी सही केली नाही. पॅरिसला राहिल्या. मायदेशाबाहेर तेहेतीस वर्षं! (आपल्याला लागोपाठ दोन दिवाळ्या चुकल्या तरी जड जातं.)

१९३५ मध्ये, अर्धांगवायूने खचलेल्या असताना, त्यांनी अखेर तसं लिहून दिलं आणि मुंबईला आल्या. कुणी याला माघार म्हणेल, मी नाही म्हणणार. द्यायचं ते सगळं देऊन झालं होतं. आता फक्त घरी यायचं होतं. नऊ महिन्यांत, १३ ऑगस्ट १९३६ला, त्या गेल्या.

तो झेंडा पुण्यात केसरीवाड्यात आहे. पुढचं संमेलन पुण्यात ठरलं तर सगळे मिळून बघून येऊ.