अभंगवाणीतून ख्रिस्तमहिमा

आज नाताळ. ख्रिस्तजन्माच्या या मंगल दिवशी महाराष्ट्रातील एखाद्या ख्रिस्ती घरातील कौटुंबिक उपासनेचे सूर कानी पडले, तर आपण क्षणभर विस्मित होऊ. वृत्त अभंगाचे, भाव शरणागतीचे, गुरू आणि माउली हे शब्द तर आपल्याच देवघरातले; आणि त्यांनी ज्याचा महिमा गाइला जातो, तो प्रभू येशू! हा संगम घडविणाऱ्यांत अग्रणी असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे पुण्यस्मरण आज करणे आम्हांस उचित वाटते.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन कुळात झाला. संस्कृतचे अध्ययन, काव्याची आवड आणि सत्याची अनावर तळमळ हे त्यांचे भांडवल होते. १८९३ साली राजनांदगावकडे जात असता आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलाचा नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाचे मोल त्यांच्या संसाराला द्यावे लागले. पत्नी लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. पतीच्या धर्मांतराचा आघात त्यांना असह्य झाला. लहानग्या दत्तूला घेऊन त्या आप्तांच्या आश्रयाला राहिल्या. काही काळ तर विठुरायाच्या पंढरपुरात. पतिपत्नींच्या वियोगाची ती वर्षे उभयतांनी अश्रूंत काढली. पुढे पुनर्मीलन झाले, तरीही लक्ष्मीबाईंची चूल आणि पाणी प्रथम वेगळेच होते. टिळक उतावळ्या स्वभावाचे म्हणून प्रसिद्ध. परंतु पत्नीच्या श्रद्धेवर त्यांनी बळजोरी केली नाही. एकाच छपराखाली दोन उपासना नांदल्या. जातिभेद हा मनुष्यनिर्मित आहे, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच्या विचारानेच उमगले आणि १९०० साली त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. त्या अंतरीच्या प्रवासाची कथा त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात अमर झाली आहे.

अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, ही टिळकांची कर्मभूमी. मराठी ख्रिस्ती मंडळींत परकीय चालींवर बेतलेली गीते रूढ होती. ती ओठांवर येत. परंतु मराठी मनाच्या गाभ्याशी पोहोचण्यास आपल्या मातीचा सूर हवा, हे टिळकांनी जाणले. कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट चोखाळलेलीच होती. टिळकांनी कीर्तने केली, भजने रचली, शेकडो पदे आणि अभंग लिहिले. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो, असे ते सांगत. म्हणूनच त्यांच्या अभंगांत ख्रिस्त सिंहासनावरचा दूरस्थ राजा न राहता लेकराला पोटाशी धरणारी गुरुमाउली झाला. त्याची थोरवी गावी ती त्याच्याशी नाते सांगून, ही तर संतांचीच रीत!

उपासना केवळ मंदिरापुरती नसावी, ती घरात दिसावी, याचा प्रत्यय टिळकांचे घर देत असे. तेथे अनाथ मुलांना आसरा मिळाला. बालकवी ठोंबऱ्यांसारखा कवीही त्या घरी मुलासारखा वावरला. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले, तेव्हा ख्रिस्तचरित्राचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे होते. पुढील अध्याय लिहून ते पूर्णत्वास नेले लक्ष्मीबाईंनी! एके काळी ज्या नावामुळे संसार दुभंगला, त्याच नावाची गाथा पत्नीच्या हातून पुरी व्हावी, यापरते कौटुंबिक उपासनेचे साफल्य कोणते?

आपला मार्ग विठ्ठलाचा असो वा अन्य कोणा दैवताचा; घरातील प्रत्येकाची श्रद्धा त्याच्या अंतरातून उमलू द्यावी, हा बोध या चरित्रातून आपण सर्वांनी घ्यावा. नाताळच्या या पुण्यदिनी त्या भक्तकवीस आणि त्याच्या सहधर्मचारिणीस आमचे विनम्र अभिवादन!