संगीतसूर्य केशवराव भोसले : नाट्यसंगीत आणि आपला देश



९ ऑगस्टला आपण शाळेत क्रांतिदिन साजरा करतो. १९४२ च्या 'भारत छोडो' आंदोलनाची माहिती देतो, फलकलेखन करतो, दोन-चार मुलं भाषणं करतात. याच तारखेला, ५२ वर्षं आधी, ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात एका मुलाचा जन्म झाला होता. तो मुलगा कधी सत्याग्रहात बसला म्हणून प्रसिद्ध झाला नाही. तो गायला आणि नाटकात उभा राहिला. पण देशाचं नाव निघालं तेव्हा त्याने आपल्याजवळ जे होतं ते दिलं. लोक त्यांना संगीतसूर्य म्हणू लागले. हे केशवराव भोसले.

आपल्या पुस्तकांत स्वातंत्र्यलढा म्हणजे मोर्चे, तुरुंग आणि फाशी. ते खरंच आहे. पण आपण सगळे एका देशाचे आहोत ही भावना माणसांच्या मनात कुठून आली, हे मुलांना सांगायचं राहून जातं. त्यात वर्तमानपत्रं होती, सार्वजनिक उत्सव होते, कीर्तनं होती, पोवाडे होते आणि संगीत नाटकही होतं. म्हणून हा पाठ.

संगीत नाटक आणि राष्ट्रभावना

आधी थोडी पार्श्वभूमी. नाटकातलं गाणं आणि देशप्रेम यांचं नातं जगात इतर ठिकाणीही दिसतं. १८३० मध्ये ब्रुसेल्समध्ये एक संगीत नाटक पाहून लोक रस्त्यावर उतरले आणि तिथून बेल्जियमच्या स्वातंत्र्याचा उठाव सुरू झाला. इटलीत वेर्दी या संगीतकाराच्या १८४२ च्या नाटकातलं गुलामांचं समूहगान पुढे इटलीच्या एकीकरणाशी जोडलं गेलं.

आपल्याकडे १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केलं. त्यांना प्रेरणा मिळाली ती कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून. मग १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांचं 'शाकुंतल' आलं आणि मराठी संगीत नाटक खऱ्या अर्थाने उभं राहिलं. अण्णासाहेबांचं गाव गुर्लहोसूर, म्हणजे बेळगाव जिल्हा, कानडी मुलूख. त्यांनी नाटकाच्या पदांना चाली देताना मराठीबरोबर कानडी चालीही घेतल्या.

आपण होटगीत राहणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं. आपल्या वर्गात घरी कन्नड आणि शाळेत मराठी बोलणारी मुलं असतात. कुणाच्या घरी उर्दू असते, कुणाच्या तेलुगू. मराठीचा अभिमान ज्या संगीत नाटकावर आपण सांगतो, ते याच सरमिसळीच्या मातीत वाढलं. तेव्हा दोन भाषा बोलणाऱ्या मुलाची मराठी कच्ची आहे एवढंच पाहू नये. त्याच्याजवळ जास्तीचं काहीतरी आहे, हेही पाहावं.

बालपण

केशवरावांच्या घरची परिस्थिती गरिबीची होती. वडील लवकर वारले. मुलांना वाढवायचं कसं, हा आईपुढे प्रश्न होता. त्या काळी गोड गळ्याच्या मुलांना नाटक कंपन्या ठेवून घेत. राहणं, जेवण आणि शिक्षण कंपनीत होई. केशवराव आणि त्यांचे बंधू दत्तोबा असे 'स्वदेशहितचिंतक नाटक मंडळी'त आले. शाळेत जायच्या वयात केशवरावांच्या वाट्याला तालमी, पाठांतर आणि गावोगावचा प्रवास आला. आज आपण अशा मुलाला शाळाबाह्य म्हणू आणि त्याला शाळेत आणण्यासाठी घरी जाऊ. तेच योग्य आहे. कंपनीतलं बालपण कष्टाचं होतं, ते गोड करून सांगायला नको.

कंपनीच्या नावाकडे मात्र पाहा. स्वदेशहितचिंतक, म्हणजे आपल्या देशाचं भलं चिंतणारी. नाटक करून पोट भरणाऱ्या मंडळींना आपल्या कंपनीला असं नाव द्यावंसं वाटलं. यावरून त्या काळची हवा कळते.

तालमीत केशवरावांचा गळा तयार झाला. देवलांचं 'संगीत शारदा' हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं होतं. पैशाच्या लोभाने कोवळ्या मुलीचं लग्न म्हाताऱ्याशी लावायला निघालेला बाप आणि त्यात सापडलेली शारदा, असं त्याचं कथानक. स्त्रियांच्या भूमिका तेव्हा पुरुष करत. छोट्या केशवची शारदा पाहायला गर्दी लोटू लागली. ज्या मुलाचं स्वतःचं बालपण हातातून निसटलं होतं, तो रोज रात्री एका मुलीचं हिरावलेलं बालपण गाऊन दाखवत होता. बालविवाहावर शेकडो व्याख्यानांनी जे काम झालं नसतं ते अशा प्रयोगांनी केलं. आजही बालविवाहाविरुद्ध जनजागृती करताना आपण पथनाट्यच बसवतो ना?

ललितकलादर्श

१ जानेवारी १९०८ रोजी केशवरावांनी हुबळी इथे 'ललितकलादर्श' ही स्वतःची नाटक मंडळी काढली. वय किती? अठरावं वर्ष चालू होतं. हाताशी भांडवल नाही, पाठीशी वडील नाहीत. होता तो गळा आणि सोबत आलेले सवंगडी.

हुबळी म्हटलं की आपल्या मुलांना ते लांबचं गाव वाटतं. त्यांना होटगी जंक्शनवरून सांगा. इथून फुटणारी रेल्वेलाईन विजापूर, बागलकोट, गदगकडे जाते आणि गदगहून पुढे हुबळी. मराठी नाटक कंपन्या कर्नाटकातल्या गावांत मुक्काम करत आणि कानडी प्रेक्षक मराठी पदं आवडीने ऐकत. भाषा पूर्ण कळली नाही तरी सूर कळत होता. आज राज्यांच्या सीमा वेगळ्या आहेत, पण त्या काळी गाण्याला सीमा नव्हती.

केशवराव गाणं कंपनीत शिकलेच, शिवाय रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या मोठ्या गवयाची तालीम त्यांना मिळाली. उंच पट्टीतला भरदार आवाज आणि झपाट्याच्या ताना ही त्यांची ओळख झाली. शास्त्रीय संगीत तोवर बरंचसं दरबारात आणि जाणकारांच्या बैठकीत अडकलेलं होतं. नाटकाने ते तिकीट काढून बसलेल्या कुणापुढेही आणलं. कारकून, विद्यार्थी, दुकानदार असे सगळे एकाच मांडवाखाली तेच पद ऐकत आणि दुसऱ्या दिवशी गुणगुणत. देश म्हणजे आपण सगळे, ही गोष्ट अशाही रीतीने अंगवळणी पडते.

नाटकं निवडतानाही केशवरावांनी फक्त गल्ला पाहिला नाही. वीर वामनराव जोशी हे अमरावतीचे स्वातंत्र्यसैनिक. त्यांचं 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' ललितकलादर्शने केलं. मामा वरेरकरांचं हुंड्याच्या प्रश्नावरचं 'हाच मुलाचा बाप' केलं, त्यांचंच 'संन्याशाचा संसार' केलं. शेवटच्या काळात 'शहा शिवाजी' हे नाटकही त्यांच्या कंपनीचं. नेपथ्यावर ते खर्च करत. पुढे चित्रपटात मोठं नाव कमावणारे कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी ललितकलादर्शसाठी पडदे रंगवले होते.

सरकारचं नाटकांवर बारीक लक्ष असे. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा त्यासाठीच होता. खाडिलकरांच्या 'कीचकवध' या गद्य नाटकात प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसू लागला. सरकारने १९१० मध्ये ते बंद केलं. सरळ बोलायची सोय नव्हती, म्हणून नाटककार पुराणातली आणि इतिहासातली पात्रं घेत होते. प्रेक्षकांना बरोबर कळत होतं.

८ जुलै १९२१ ची रात्र

आता या चरित्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग.

त्या काळात संगीत रंगभूमीवर दोन नावं सगळ्यात मोठी होती. एक केशवराव भोसले आणि दुसरे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. बालगंधर्वांची 'गंधर्व नाटक मंडळी', केशवरावांची 'ललितकलादर्श'. दोन कंपन्यांत चुरस. प्रेक्षकांतही दोन तट. एकाचा गळा लाडिक, दुसऱ्याचा तडफदार. कोण मोठा, यावर लोक तावातावाने भांडत.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड सुरू झाला आणि गांधीजींनी देशापुढे एक कोटी रुपयांचं उद्दिष्ट ठेवलं. या फंडासाठी दोघांनी मिळून एक नाटक करायचं ठरलं. नाटक होतं खाडिलकरांचं 'मानापमान'. खाडिलकर म्हणजे 'केसरी'त टिळकांबरोबर काम केलेले पत्रकार.

८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. बालगंधर्व भामिनी झाले आणि केशवराव धैर्यधर. 'संयुक्त मानापमान' म्हणून हा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात नोंदला गेला. मिळालेला पैसा स्वराज्य फंडाला गेला. नंतर दोघांनी 'संयुक्त सौभद्र'ही केलं.

मुलांना 'मानापमान'ची गोष्ट थोडक्यात सांगावी. भामिनी श्रीमंताची मुलगी, तिला संपत्तीचा तोरा. धैर्यधर शूर सेनापती, पण गरीब म्हणून ती त्याचा अपमान करते. पुढे वेश बदलून राहताना तिला त्याचं शौर्य दिसतं आणि पैशापेक्षा पराक्रम मोठा हे पटतं. पारतंत्र्यातल्या देशाला ऐकायला हवी अशीच ही गोष्ट होती. आणि तो गरीब धैर्यधर रंगवत होता कोल्हापुरातून पोटासाठी नाटक कंपनीत आलेला एक पोरका मुलगा.

या प्रयोगाचं मोल फक्त जमलेल्या पैशात नाही. गाण्यात दुसऱ्यापुढे कमी पडलो तर उद्या गावभर होईल, कंपनीचा धंदा बसेल, ही भीती दोघांनाही असणार. प्रतिस्पर्ध्यासमोर सगळ्यांदेखत उभं राहून गायचं म्हणजे आयुष्यभराचं नाव पणाला लावायचं. ते त्यांनी देशासाठी लावलं. स्पर्धा सोडली नाही, पण एका मोठ्या कामाखाली ठेवली. एकी एकी म्हणून आपण वर्गात सांगतो ती हीच. सगळे सारखे असणं म्हणजे एकी नाही. वेगळ्या गळ्याच्या दोघांनी एका नाटकात आपापली जागा नीट गाणं, ही एकी.

अखेर

यानंतर तीन महिनेही गेले नाहीत. केशवरावांना विषमज्वर झाला. आज टायफॉइड औषधाने बरा होतो, तेव्हा तशी औषधं नव्हती. ४ ऑक्टोबर १९२१ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वय अवघं ३१.

ललितकलादर्श मात्र थांबली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली आणि १९२२ मध्ये वरेरकरांचं स्वदेशीचा विचार मांडणारं 'सत्तेचे गुलाम' आणलं. त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव भालचंद्र पेंढारकर यांनी कंपनी चालवली. अठराव्या वर्षात असलेल्या मुलाने काढलेली संस्था शंभरी ओलांडून गेली.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर बांधलं. महाराजांचा केशवरावांवर लोभ होता. पुढे त्या नाट्यगृहाला केशवराव भोसले यांचं नाव दिलं गेलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळालं. कोल्हापूरकर रात्रीच तिथे धावले, अनेकांना रडू आवरलं नाही. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या एका गायकाच्या नावाची वास्तू जळते आणि गाव रडतं, यातच सगळं आलं. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम हाती घेण्यात आलं.

वर्गात काय करता येईल?

१. क्रांतिदिनाच्या परिपाठात पाच मिनिटं केशवरावांची गोष्ट सांगा. तारीख तीच आहे, मुलांच्या पटकन लक्षात राहते.

२. नकाशावर कोल्हापूर, सांगली, बेळगाव, हुबळी, पुणे, मुंबई शोधायला लावा. होटगीहून हुबळीला रेल्वेने कसं जाता येईल, ते मुलांनाच सांगू द्या.

३. बालविवाह किंवा हुंडा या विषयावर पाच मिनिटांचं नाटुकलं बसवा. त्यात मराठीबरोबर कन्नड, उर्दू, तेलुगू गाण्याची एखादी ओळ येऊ द्या. ती ओळ मुलांच्या घरून, आजीकडून आणायची.

४. वर्गात नेहमी एकमेकांशी चुरस करणारी दोन मुलं हेरा आणि त्यांना एकाच गाण्यात किंवा संवादात उभं करा. नंतर 'संयुक्त मानापमान'ची गोष्ट सांगा.

पालकांना एकच विनंती. मूल गात असेल, नकला करत असेल, तर त्याला वेळ वाया घालवतोय म्हणून गप्प करू नका. त्याचा अभ्यास आपण मिळून घेऊ, ती जबाबदारी आमचीही आहे. केशवरावांना शाळा मिळाली नाही, गाणं मिळालं. आपल्या मुलांना दोन्ही मिळू शकतं.