प्लेगच्या पिसूचा माग काढणारे डॉ. सीमाँ

घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या, एवढे प्लेगच्या दिवसांतील लोकांना अनुभवाने कळले होते. परंतु उंदराचा रोग माणसाला जडतो कसा, हे कोडे सोडविले ते पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी.

सीमाँ यांचा जन्म १८५८ सालचा. डॉक्टर होण्याआधी त्यांनी फ्रेंच गियानात कुष्ठरोग्यांची सेवा केली व पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत परोपजीवी जंतूंचा अभ्यास केला. १८९७ साली त्यांना मुंबईस धाडण्यात आले. शहरात हाहाकार उडाला होता. त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगला बळी पडल्या. सरकार घरे धूत होते, माणसांना छावण्यांत हलवीत होते; उंदराच्या अंगावरील किड्याकडे मात्र कोणी पाहत नव्हते.

सीमाँना काही रुग्णांच्या पायांवर बारीक फोड दिसले. त्यांतील पाण्यात प्लेगचे जंतू होते. हा किड्याचा चावा तर नसेल? एका लोकरीच्या कारखान्यात मेलेले उंदीर उचलणाऱ्या २० मजुरांपैकी १० जण तीन दिवसांत आजारी पडले. इतर कामगारांना काहीच झाले नाही. धडधाकट उंदीर अंगावरच्या पिसवा काढून टाकतो. आजारी उंदरावर त्या माजतात आणि तो मेला की दुसरे ऊबदार अंग शोधतात.

२ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी एका बरणीत प्लेगने आजारी उंदीर व पिसवा ठेवल्या आणि वर जाळीच्या पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते. पिसूची उडी तेवढी पोहोचत होती. थोड्याच दिवसांत वरचा उंदीरही प्लेगने मेला.

हा शोध प्रसिद्ध झाला, पण तज्ज्ञांना तो पटेना. अखेर १९०५ नंतर आपल्या परळच्याच प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने तो पडताळला. जमिनीलगतच्या पिंजऱ्यांतील प्राण्यांना प्लेग झाला. पिसूच्या उडीपलीकडे, दोन फूट उंच टांगलेले वाचले. आज तीच संस्था हाफकिन यांच्या नावाने ओळखली जाते.

सीमाँ १९४७ साली वारले. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावी प्लेगची बातमी आली, तेव्हाही आधी उंदीरच पडले होते. उंदरांशी शेजार असलेल्या आपल्या उपनगरांनी सीमाँचे नाव विसरू नये, ते यासाठीच.