सोडणारे आणि सुटलेले : उस्ताद अब्दुल करीम खाँ

रमजानचा शेवटचा शुक्रवार जवळ आला की मशिदीतले वातावरण बदलते. त्या दिवशीच्या खुत्ब्यात महिन्याला निरोप दिला जातो. अलविदा हा शब्द उच्चारताना इमामसाहेबांचा आवाज दाटून येतो आणि सफेत बसलेली म्हातारी माणसे डोळे पुसतात. ज्यांच्या घरी गणपती येतो त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. जाणार हे ठाऊक असूनच आपण त्याला घरात आणलेले असते.

गेल्या आठवड्यात आरोंद्याला एका स्नेह्यांच्या घरी रोजा सोडला. मगरिबची नमाज त्यांच्याच ओटीवर अदा केली. खाडीपलीकडे किरणपाणीचे दिवे लागले होते. वहिनींनी माझ्यासाठी मुद्दाम घावणे केले होते, पण घरात बोलणे कमी होते. मुलगी नोकरीसाठी परदेशी निघाली आहे, बहुधा कायमची. गुरुजींनी मला विचारले, की प्रेम असेल तर माणसाला जाऊ द्यायची तयारी हवी असे जो तो सांगतो, ते खरे का? माझ्या तोंडात उत्तर तयार होते. औलाद ही अल्लाहची अमानत आहे, मालकी नाही, हे मी अनेकदा बोललो आहे, याच पानावर लिहिलेही आहे. त्या ओटीवर मात्र ते बोलायला जीभ उचलली नाही. गुरुजींनीही उत्तराची वाट पाहिली नाही. जुन्या गाण्यांचे ते शौकीन. त्यांनी फोनवर उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी लावली आणि आम्ही दोघे गप्प बसलो. परतताना वाटेत लक्षात आले, की प्रश्नाचे उत्तर नसले तरी तो प्रश्न आयुष्यभर जगलेला माणूस आत्ताच गात होता.

खाँसाहेबांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. किराणा घराणे हे नाव त्या गावावरून पडले. तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारी गवई झाले. पहिला निकाह गफूरन बीबींशी झाला होता. पुढे ज्यांचे नाव गाण्यात खाँसाहेबांच्या बरोबरीने घेतले गेले, त्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्या त्या बहीण. बडोद्यात खाँसाहेबांकडे गाणे शिकायला आल्या ताराबाई माने, सरदार मारुतीराव मान्यांची मुलगी, राजघराण्याच्या नात्यातली. शिकता शिकवता जीव जडला. दोघांनी बडोदे सोडले, किंवा त्यांना सोडावे लागले, आणि ते मुंबईला आले.

ही गोष्ट आपल्याकडे प्रेमकहाणी म्हणून फार रंगवून सांगितली जाते. ती आहेही. पण ताराबाईंनी त्या दिवशी वडिलांचे घर सोडले आणि खाँसाहेबांच्या मागे गफूरन बीबी राहिल्या. त्यांना कोणी विचारले असेल असे वाटत नाही. त्यांच्याविषयी चरित्रांत एखादे वाक्य सापडते, तेवढेच. मी खाँसाहेबांच्या गाण्याचा भक्त आहे, तरी हे वाक्य ओलांडून पुढे जाताना पाय अडखळतो.

पुढची वीसेक वर्षे भरभराटीची. मिरजेशी त्यांचे नाते जडले. प्लेगच्या साथीत ते आजारी पडले, मीरासाहेबांच्या दर्ग्यात जाऊन पडले, सेवा म्हणून तिथे गायले आणि बरे झाले, असे मिरजेत सांगतात. १९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवले. घराण्याच्या चिजा पेटीत कुलूप लावून ठेवायचा तो काळ. मुलांना शागिर्द म्हणून ठेवून घेऊन, खाऊपिऊ घालून, जातधर्म न विचारता विद्या वाटणारा उस्ताद तेव्हा विरळाच होता. कुंदगोळच्या रामभाऊंना त्यांनी आठ वर्षे शिकण्याच्या अटीवर पत्करले होते. रामभाऊ तयार झाले आणि नाटक कंपनीत गेले. खाँसाहेबांना ते पसंत नव्हते. रंगभूमीने त्यांना सवाई गंधर्व केले. गळा मात्र गुरूचाच राहिला, आणि तोच गळा पुढे गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्यापर्यंत गेला.

मग १९२२ च्या सुमारास ताराबाई खाँसाहेबांना सोडून गेल्या. बरोबर पाचही मुले. कारणे अनेक सांगितली जातात. नवराबायकोतली कारणे बाहेरच्यांनी चिवडू नयेत, म्हणून मी ती इथे देत नाही. मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, गुलाबच्या कमलाबाई, सकीनाच्या पुढे सरस्वती राणे. धाकटा मुलगा कृष्णराव माने. बापाचे नाव कुठेच उरले नाही. आणि ज्या बडोद्यातून आईबापांना निघावे लागले होते, त्याच गावाचे नाव मुलींनी लावले.

हा भाग आला की आमच्यातले काही जण अस्वस्थ होतात. पलीकडे हिराबाईंचे गाणे डोक्यावर घेणाऱ्या कित्येकांना त्या करीम खाँसाहेबांची लेक हेच ठाऊक नसते. दोन्हीकडे हिशेब मालकीचाच चालतो. इतके मात्र खरे, की खाँसाहेबांनी हा वियोग निवडला नव्हता. जाऊ देणे हा शब्द आपण मोठ्या मनाचा म्हणून वापरतो. त्यांच्या बाबतीत आधी माणसे गेली, आणि जाऊ देण्याचे काम नंतर उरले. ते एका दिवसात होणारे काम नव्हे.

कुरआनात हजरत याकूबांचा किस्सा आहे. यूसुफ हरवल्यावर त्यांनी सब्र केला, आणि रडून रडून त्यांची दृष्टीही गेली. दोन्ही गोष्टी एकाच सुरेत शेजारी शेजारी आहेत. सब्र म्हणजे न रडणे, असे अल्लाहने कुठे म्हटल्याचे मला आढळले नाही.

ताराबाई गेल्यावर खाँसाहेबांच्या सुरात दुःख आले, असे रसिक म्हणतात. मला ते पुरते पटत नाही. १९०५ च्या सुमाराच्या त्यांच्या तबकड्या आहेत, तेव्हाही आवाज तसाच बारीक, नाजूक आणि आर्त होता. फार तर असे म्हणेन, की पुढे त्या आवाजाची घाई गेली. ते मिरजेत राहिले. बानूबाई लाटकर या शिष्येची सोबत लाभली. रोशनआरा बेगमना त्यांनी शिकवले, त्या फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या, पण ते पाहायला खाँसाहेब नव्हते.

एक गोष्ट मला नेहमी विचारात पाडते. हिराबाई थोरल्या भावाकडे शिकल्या, आणि उस्ताद अब्दुल वहीद खाँसाहेबांकडेही. म्हणजे ज्यांच्या बहिणीला मागे ठेवून करीम खाँ ताराबाईंबरोबर निघाले होते, त्यांनीच ताराबाईंच्या लेकीला गंडा बांधला. वहीद खाँसाहेबांना कमी ऐकू येई, लोक त्यांना बहिरे वहीद खाँ म्हणत. शिकवायला बसल्यावर त्यांच्या मनात काय आले असेल, कोण जाणे. विद्या मात्र त्यांनी हात आखडून दिली नाही. हिराबाईंचा विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ते कळते.

१९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडे होते. तिथून पाँडिचेरीला श्री अरविंदांच्या आश्रमात जायचे ठरले. शाबानचा महिना, रमजान आठ-नऊ दिवसांवर. आगगाडीत छातीत कळ आली. शिष्यांनी त्यांना सिंगापेरुमाळ कोइल या छोट्याशा स्टेशनवर उतरवले. फलाटावर अंथरूण घातले. त्यांनी नमाज अदा केली, दरबारी रागात अल्लाहचे नाव घेत राहिले आणि तिथेच गेले. तारीख २७ ऑक्टोबर. पाचांपैकी एकही मूल जवळ नव्हते.

मय्यत मिरजेला आणली. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केले. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या नावाने संगीत सभा भरते. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे घडवणाऱ्या सतारमेकरांच्या गावात तंबोऱ्यांची उणीव ती कसली! गायला येणाऱ्यांत अनेक हिंदूही असतात.

जुनी तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. आरोंद्याला ती ठुमरी संपली तेव्हा वहिनी आतून मुलीच्या बॅगेचे वजन किती भरले ते विचारत होत्या. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली.