विश्लेषण : पाडापाडीऐवजी पायी फिरून शहर सुधारण्याचा आग्रह धरणारे पॅट्रिक गेडिस कोण होते?

शहरात वाहतूक कोंडी झाली की रस्ता रुंद करण्याचा उपाय सर्वात आधी पुढे येतो. त्यात पदपथ आक्रसतो, सायकलस्वार कडेला ढकलला जातो आणि जुन्या गल्ल्यांवर बुलडोझर फिरतो. या विचाराला शंभर वर्षांपूर्वी भारतातच आव्हान मिळाले होते. ते देणारे सर पॅट्रिक गेडिस मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते.

वनस्पतिशास्त्रज्ञ नगरनियोजनाकडे कसे वळले?

गेडिस यांचा जन्म १८५४ मध्ये स्कॉटलंडमधील बॅलटर येथे झाला. लंडनमध्ये टी. एच. हक्सले यांच्याकडे त्यांनी जीवशास्त्राचे धडे घेतले. १८७९ मध्ये मेक्सिकोत असताना डोळ्यांच्या आजारामुळे काही काळ त्यांची दृष्टी गेली. सूक्ष्मदर्शकावरील काम अवघड झाले आणि त्यांचे लक्ष समाजाकडे वळले. सजीव आणि त्याचा परिसर यांचे नाते त्यांना शहरातही दिसू लागले. लग्नानंतर ते पत्नी अ‍ॅना यांच्यासह एडिंबराच्या जुन्या, गलिच्छ वस्तीत राहायला गेले. तेथे सरसकट पाडकाम न करता त्यांनी शेजाऱ्यांच्या मदतीने घरे दुरुस्त केली, मोकळ्या तुकड्यांवर बागा फुलवल्या.

भारतात ते कसे आले?

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून १९१४ मध्ये ते भारतात आले. त्यांचे नगररचना प्रदर्शन ज्या जहाजातून येत होते, ते ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेने बुडवले. नवे साहित्य जमवून १९१५ मध्ये मद्रासला प्रदर्शन भरलेच. पुढील काही वर्षांत त्यांनी अनेक शहरांचे अहवाल लिहिले. १९१७ हे वर्ष मात्र त्यांच्यासाठी क्रूर ठरले. मोठा मुलगा अ‍ॅलॅस्डर फ्रान्समध्ये युद्धात मारला गेला. अ‍ॅना भारतातच आजारी होत्या, त्यामुळे ही बातमी त्यांनी तिच्यापासून लपवली. काही आठवड्यांत तिचेही निधन झाले.

त्यांचा वाद नेमका कशाशी होता?

१८९६ च्या प्लेगनंतर दाट वस्त्या कापून रुंद रस्ते काढण्याचे धोरण जोरात होते. मुंबईत १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधार मंडळाने हेच केले. हवा खेळावी, रोग हटावा हा हेतू चांगला होता. मात्र बेघर झालेली कुटुंबे शेजारच्या गल्ल्यांत कोंबली जातात आणि गर्दी फक्त जागा बदलते, याकडे गेडिस यांनी लक्ष वेधले. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढण्याआधी ते गल्लीबोळ पायी पालथे घालत. विहीर, झाड, देऊळ, पार, ओटा यांची नोंद घेत. मग पडायला आलेली मोजकीच घरे हटवायची, रिकाम्या जागा जोडायच्या आणि असलेली वाट मोकळी करायची, असा उपाय ते सुचवत. या पद्धतीला त्यांनी जपून केलेल्या शस्त्रक्रियेची उपमा दिली. तंजावरसारख्या ठिकाणी हा मार्ग बराच स्वस्तही असल्याचे त्यांनी दाखवले.

इंदूरमध्ये काय घडले?

होळकर संस्थानच्या इंदूरमध्ये प्लेगची धास्ती होती. तेथे त्यांनी दिवाळीला मिरवणूक काढली. नेहमीचा मार्ग सोडून, जेथील रहिवासी घरे आणि रस्ते सर्वाधिक स्वच्छ करतील तेथूनच ती जाईल, असे जाहीर झाले. गल्लोगल्ली झाडलोट सुरू झाली, गाड्या भरभरून कचरा निघाला. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमाही होती. इंदूरचा त्यांचा दोन खंडांतील अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

मुंबईशी नाते काय?

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभाग सुरू झाला, तेव्हा तेथे पहिले प्राध्यापक म्हणून गेडिस आले. मालवणचे गो. स. घुर्ये यांना इंग्लंडला शिकायला पाठवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९२४ मध्ये गेडिस गेल्यावर घुर्ये विभागप्रमुख झाले. १९२५ मध्ये गेडिस यांनी तेल अवीवचा आराखडा केला. वाहतूक बाहेरच्या मोठ्या रस्त्यांवर, आत अरुंद निवासी रस्ते आणि मधोमध बाग, अशी त्याची मांडणी होती.

त्यांचा विचार आज का महत्त्वाचा?

भारतातील त्यांच्या बहुतेक सूचना कागदावरच राहिल्या. अभियंते आणि अधिकाऱ्यांना त्यांची पद्धत वेळखाऊ वाटे. त्यांचे बोलणे आणि लिहिणेही अनेकदा पसरट असे. १९३२ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे त्यांचे निधन झाले. सायकल मार्गिका हा त्यांचा विषय नव्हता. मात्र वस्तीतून आरपार जाणारी वाहने बाहेर ठेवली, की आतला रस्ता चालणाऱ्यांचा, मुलांचा आणि सायकलींचा होतो, हे तत्त्व त्यांच्या आराखड्यात होते. पदपथाची रुंदी ठरवणाऱ्याने आधी त्या रस्त्याने चालून पाहावे, ही त्यांची शिस्त पाळायला आजही फारसा खर्च येत नाही.