सलीम अली : आजारपण, वियोग आणि पाखरं

गेल्या जानेवारीत एका रविवारी शाळेपासूनच्या मित्राला घेऊन गोरेगावला गेलो. चित्रनगरीच्या रस्त्याने आत गेलं की बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं (बीएनएचएस) निसर्ग शिक्षण केंद्र लागतं. त्याच्या पाठीशी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. मित्राची पत्नी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. रक्तदाबाच्या गोळ्या तो कधी घ्यायचा, कधी विसरायचा. पहाटे तीनला जाग यायची, ती सकाळपर्यंत. जेवण म्हणजे चहा आणि बिस्किटं. तपासण्यांत फारसं काही सापडलं नव्हतं. डॉक्टर म्हणून सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं. म्हणून त्या दिवशी फक्त दुर्बीण घेतली.

पहिला तासभर तो काही बोलला नाही. मग पाण्याच्या कडेने शेपटी वरखाली हलवत चालणारा एक करडा धोबी दिसला. हा इथलाच का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, हिवाळ्यापुरता पाहुणा आहे. याची वीण हिमालयात नाहीतर त्याच्याही पलीकडे होते. एवढासा जीव कुठून कुठे जातो हे आपल्याकडे कुणी शोधलं, हा त्याचा पुढचा प्रश्न. उत्तर द्यायला मला सलीम अलींचं सगळं आयुष्यच सांगावं लागलं. ते सांगताना लक्षात आलं, की पक्षी बाजूला ठेवले तरी त्यातलं बरंच काही माझ्या मित्रासाठी होतं.

सलीम अलींचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 चा, मुंबईचा. वर्षाचे असताना वडील गेले, तीन वर्षांचे असताना आई. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी खेतवाडीतल्या घरात या भाच्यांना वाढवलं. मामा शिकारीचे शौकीन. लहान सलीमने छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तर तिच्या गळ्यावर पिवळा डाग. ही कोणती चिमणी, हे मामांना सांगता येईना. त्यांनी त्याला बीएनएचएसमध्ये पाठवलं. तिथले मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचं ओळखलं आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचे खण त्याच्यापुढे उघडले. मुलाच्या आयुष्याची दिशा तिथे ठरली.

ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्यानंतरच्या आजारपणाची कमी जणांना माहीत असते. तेराव्या वर्षाच्या सुमारास त्यांना सतत डोकेदुखी सुरू झाली. शाळा वरचेवर बुडू लागली. कोरड्या हवेने बरं वाटेल म्हणून त्यांना सिंधमध्ये नातेवाइकांकडे पाठवण्यात आलं. तेव्हा हवापालट हा मोठाच उपचार होता. शेवटी 1913 मध्ये ते कसेबसे मॅट्रिक झाले. कॉलेजही अर्धवट सुटलं आणि ब्रह्मदेशात तवॉयला कुटुंबाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय पाहायला ते गेले. व्यवसाय काही जमला नाही. भोवतालच्या जंगलात पाखरं मात्र भरपूर पाहिली.

परत आल्यावर त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकून घेतली. सेंट झेवियर्स कॉलेजच्या फादर ब्लॅटर यांनी मात्र त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. डिसेंबर 1918 मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी लग्न झालं. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्याने सरकारी प्राणिशास्त्र खात्यातली नोकरी हुकली. 1926 मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, ते गाइड व्याख्याते झाले. पुढे रजा घेऊन बर्लिनला एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली शिकायला गेले. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा माग कसा काढायचा, हे त्यांनी जर्मनीतच पाहिलं. 1930 मध्ये परतले तेव्हा पैशाअभावी म्युझियममधली जागाच रद्द झालेली होती.

चौतिसाव्या वर्षी हातात नोकरी नाही. तेहमिना आणि ते अलिबागजवळ किहीमला, तिच्या माहेरच्या घरी राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. सलीम अली तासन्‌तास घरट्यांपुढे बसून टिपणं काढू लागले. त्यातून जे उमगलं ते पक्षिशास्त्राला नवं होतं. सुगरणीचा नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर तिथे नांदते. मग नर दुसरं घरटं विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. नोकरी गेल्याच्या त्या काळातल्या या निरीक्षणांनी जगभरच्या पक्षितज्ज्ञांत त्यांचं नाव झालं.

मग संस्थानांच्या पक्षिगणना सुरू झाल्या. हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ. मानधन फारसं नाही. राहण्याफिरण्याची सोय संस्थानाने करायची आणि काम यांनी करायचं. तेहमिना या मोहिमांत बरोबर असायच्या. तंबूतला संसार त्यांनी आनंदाने केला. नवऱ्याला पगाराच्या मागे न लावता त्याच्या आवडीच्या कामाला उभं राहू देणं, हा त्यांचा या शास्त्राला मोठाच हातभार होता.

1939 मध्ये तेहमिना गेल्या. एक लहानशी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर रक्तात जंतुसंसर्ग पसरला. आज आम्ही त्याला सेप्सिस म्हणतो. आजही तो जीवघेणा ठरू शकतो, पण लढायला प्रतिजैविकं असतात, शिरेतून द्यायचे द्रव असतात, अतिदक्षता विभाग असतो. 1939 मध्ये सल्फा गटातली औषधं नुकती वापरात येत होती. पेनिसिलिनचा शोध 1928 मध्ये लागला असला, तरी ते रुग्णाला पहिल्यांदा टोचलं गेलं 1941 मध्ये आणि सर्वसामान्यांपर्यंत पोचायला महायुद्ध संपावं लागलं. अवघ्या काही वर्षांचं अंतर. त्या काळातल्या अशा कितीतरी मृत्यूंची गोष्ट इतकीच असते.

इथे माझा मित्र थांबला. ती कशाने गेली, हे त्याने मला दोनदा विचारलं. त्याच्या घरीही शेवटी रक्तातला संसर्गच निमित्त झाला होता. मी ते विसरलो नव्हतो, पण सांगण्याच्या ओघात तिथवर आलो होतो. आम्ही एका दगडावर बसलो. वर तांबट पक्ष्याची एकसुरी ठोकाठोक चालू होती.

सलीम अली त्यातून कसे बाहेर आले, हे त्याला ऐकायचं होतं. बाहेर आले, असं मी म्हणणार नाही. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. मूलबाळ नव्हतं. धाकट्या भावाला एकटं राहू द्यायचं नाही, असं बहीण कमू आणि मेहुणे हसन अली यांनी ठरवलं आणि पाली हिलवरच्या आपल्या घरी त्यांना नेलं. पुढची कित्येक वर्षं ते तिथेच राहिले. ते घर नसतं तर पुढचं काम झालं असतं का, असा प्रश्न मला डॉक्टर म्हणून पडतो. ताट वेळेवर पुढे येणं आणि दार उघडायला कुणीतरी असणं, ही औषधं चिठ्ठीवर लिहिता येत नाहीत.

दुसरा आधार कामाचा. 1941 मध्ये, तेहमिना गेल्यानंतर दोनच वर्षांनी, त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. सामान्य माणसाला पक्षी ओळखायला शिकवणारं ते पुस्तक आजही छापलं जातं.

तिसरा आधार मित्राचा. लोक वान थो हा मलायातला तरुण चित्रपट व्यावसायिक. सलीम अलींहून तो एकोणीस वर्षांनी लहान. 1942 मध्ये जपानी सैन्यापुढे सिंगापूर पडत असताना तो ज्या जहाजातून निसटला, त्यावर बॉम्ब पडले. तो भाजला आणि काही काळ त्याची दृष्टी गेली. दृष्टी परत आली, तो भारतात पोचला आणि मुंबईत त्याची सलीम अलींशी गाठ पडली. एकाने बायको गमावली होती, दुसऱ्याने देश आणि काही दिवसांपुरते डोळेही. दोघे मिळून पाखरं पाहू लागले. लोक पुढे नामांकित पक्षी छायाचित्रकार झाला आणि त्याने सलीम अलींच्या मोहिमांना पैसाही पुरवला. 1964 मध्ये तैवानमधल्या विमान अपघातात तो गेला, तोवर ही मैत्री टिकली.

आता धोब्याच्या प्रश्नाचं उत्तर. 1957 मध्ये कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलाजवळ माकडं पटापट मरू लागली आणि माणसांनाही जबर ताप येऊ लागला. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, यामागचा विषाणू शोधला. तो सैबेरियातल्या ओम्स्क तापाच्या विषाणूच्या जवळचा निघाला. मग शंका आली, की स्थलांतरित पक्षी आपल्या अंगावरच्या गोचिड्यांतून हा रोग तिकडून आणतात की काय. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने बीएनएचएसने 1959 पासून पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम हाती घेतलं. त्याचे सूत्रधार सलीम अली. पक्षी पकडायचा, अंगावरच्या गोचिड्या गोळा करायच्या, पायात क्रमांक असलेलं हलकं कडं घालायचं आणि सोडून द्यायचं. पाखरांनी हा रोग आणला, असा पुरावा काही मिळाला नाही. पण आपल्याकडे हिवाळ्यात येणारी पाखरं नेमकी कुठून येतात, याचं ज्ञान या कामातून वाढत गेलं.

तो ताप म्हणजे आपला माकडताप. गेल्या दहा वर्षांत सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण सापडले आहेत. तो गोचिड्यांमुळे पसरतो आणि हिवाळा ते उन्हाळा हाच त्याचा हंगाम. त्या भागात जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, परतल्यावर अंग तपासून अंघोळ करावी आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावं.

सलीम अली पुढेही थांबले नाहीत. चोपन्नाव्या वर्षी स्वीडनमधल्या परिषदेसाठी त्यांनी स्वतःची मोटारसायकल जहाजातून युरोपला नेली. डिलन रिप्ली यांच्यासह भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचे दहा खंड 1968 ते 1974 या काळात प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. 1976 मध्ये पद्मविभूषण मिळालं, 1985 मध्ये राज्यसभा. जून 1987 मध्ये प्रोस्टेटच्या कर्करोगाने मुंबईत ते गेले, तेव्हा नव्वद वर्षांचे होते. डोकेदुखीने शाळा बुडवणाऱ्या पोरक्या मुलाचं हे आयुष्य.

पक्षी पाहिल्याने दुःख बरं होतं, असं मी लिहिणार नाही. वियोगानंतर महिनोन्‌महिने झोप आणि भूक परतत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलंच पाहिजे. माझा मित्रही आता जातो, गोळ्याही घेतो. पण रोज सकाळी आपल्याबाहेरच्या एखाद्या गोष्टीकडे लक्ष लावावं आणि ते करताना शेजारी कुणीतरी असावं, एवढं सलीम अलींच्या आयुष्यातून नक्की घेता येतं.

परतताना चित्रनगरीच्या फाटकापाशी आम्ही चहा घेतला. मित्राने खिशातून औषधाच्या दुकानाचं बिल काढलं आणि त्याच्या पाठीवर त्या दिवशी पाहिलेल्या पक्ष्यांची नावं लिहिली. अकरा झाली. धोबी मार्च-एप्रिलपर्यंत असतो, हे त्याने मला पुन्हा विचारून घेतलं. पुढच्या रविवारी साडेसहालाच त्याचा फोन आला. मी अजून झोपेत होतो.