दुधातील तापाचे मूळ शोधणारे डॉ. थेमिस्तोक्लेस झामित

माल्टा बेट आपणां सर्वांना 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातून परिचित आहे. जहाज फुटल्यावर संत पौल याच बेटावर आले आणि पुब्लियसच्या तापाने आजारी असलेल्या पित्याला त्यांनी प्रार्थनेने बरे केले, असे पवित्र शास्त्र सांगते. पुढे याच बेटाच्या नावाने एक ताप ओळखला जाऊ लागला. तो दुधातून पसरतो हे दाखवून देणाऱ्या डॉ. झामित यांचे जीवन भंडारा जिल्ह्यातील आपल्या शेतकरी कुटुंबांनी अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

थेमिस्तोक्लेस झामित यांचा जन्म ३० सप्टेंबर १८६४ रोजी माल्टाची राजधानी व्हॅलेटा येथे झाला. तेथील विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन ते सरकारी आरोग्य खात्यात रुजू झाले. त्या काळी माल्टा ब्रिटिशांच्या ताब्यात होते. तेथील सैनिक व नागरिक एका चिवट तापाने हैराण झाले होते. हा ताप चढे, उतरे आणि पुन्हा येई. सांधे दुखत, घाम सुटे, आणि रोगी महिनोन् महिने अंथरुणास खिळून राही. १८८७ साली डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरांनी या रोगाचा जंतू शोधला. पण तो माणसाच्या शरीरात कोठून येतो, हे कोडे सुटत नव्हते.

१९०४ साली या कामासाठी आयोग नेमला गेला. झामित त्याचे सदस्य होते. व्हॅलेटाच्या गल्लोगल्ली शेळ्या फिरत आणि दारातच दूध काढून दिले जाई. त्या धष्टपुष्ट दिसत. म्हणून त्यांच्यावर कोणाचा संशय नव्हता. जून १९०५ मध्ये झामित यांनी सहा शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा पाच शेळ्यांमध्ये रोगाची खूण आढळली. पुढील तपासणीत बेटावरील सुमारे निम्म्या शेळ्या बाधित निघाल्या आणि सुमारे दहा टक्के शेळ्यांच्या दुधातच जंतू सापडले. १९०६ साली सैन्याला हे कच्चे दूध देणे बंद झाले आणि छावणीतील रोग झपाट्याने ओसरला.

सामान्य जनतेच्या नशिबी मात्र हे सुख लगेच आले नाही. शेळ्यांवर गरिबांचे पोट होते, आणि निरोगी दिसणारे जनावर रोग देते यावर गवळ्यांचा विश्वास बसेना. झामित आपले काम करीत राहिले. ते विद्यापीठाचे रेक्टर झाले, तार्शियनच्या प्राचीन मंदिरांचे उत्खनन त्यांनी केले आणि माल्टी भाषेत कथाही लिहिल्या. २ नोव्हेंबर १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. माल्टात दूध निर्जंतुक करण्याचे केंद्र १९३८ साली सुरू झाले. ते पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही.

गायीम्हशींतही या रोगाचा जवळचा भाऊबंद आहे. डेन्मार्कचे बर्नहार्ड बांग यांनी १८९७ साली गाभडणाऱ्या गायींमध्ये तो शोधला. ब्रूस यांच्या नावावरून आज या रोगाला ब्रुसेलोसिस म्हणतात. तो भारतातही आहे.

आपल्या गावांत भातशेतीबरोबर दारात एखादी गाय वा म्हैस असतेच. धारोष्ण दूध अंगी लागते, या समजुतीने ते मुलांना पाजणारे अजूनही आढळतात. झामित यांच्या शोधाने शंभर वर्षांपूर्वीच सावध केले आहे की, जनावर तुकतुकीत दिसले तरी दूध उकळूनच प्यावे. शेवटच्या महिन्यांत जनावर गाभडल्यास वार व मृत गर्भ उघड्या हातांनी उचलू नये. हातमोजे घालून ते चुना टाकून खोल पुरावे आणि पशुवैद्यकास कळवावे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना या रोगाची लस एकदाच टोचून घ्यावी. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात तिचा समावेश आहे. ताप वारंवार परतत असेल, तर घरी जनावरे आहेत हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

माल्टात सत्य उमगल्यावरही ते घराघरांत पोहोचायला तीस वर्षांहून अधिक काळ लागला. आपल्या घरी त्याला एक दिवसही लागू नये.